ॲप खानदेशात कसं न्यावं

तुमचं ॲप मायदेशात तुडुंब भरलंय आणि गुंतवणूकदार विचारतायत, पुढचे शंभर कोटी कुठून आणणार? अहो, नकाशावर तापी शोधा. खाली धुळे, जळगाव, नंदुरबार. इथे माल खपतो.

सुरुवात फुकटाने करा. फेसबुकने २०१५ साली 'फ्री बेसिक्स' आणलं, म्हणजे त्यांनी निवडलेलं तेवढंच इंटरनेट, पण मोफत. झुकेरबर्ग साहेबांनी वर्तमानपत्रात लेख लिहून महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखलाही दिला: हवामान बघतो, बाजारभाव बघतो, सुखी आहे. (आमचा रावेरचा केळीवालाही भाव बघतोच, मग दोन तास दुसऱ्यांचे नाच बघतो. ते लेखात लिहायचं नसतं.) फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मोडता घातला. तुम्ही हिरमुसू नका. दार लावलं तर घरमालकाशी भागीदारी करावी: २०२० साली त्याच कंपनीने ४३,५७४ कोटी रुपये मोजून जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा घेतला.

प्रतिस्पर्ध्याची काळजी सरकारवर सोडा. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, ८ जुलैला इन्स्टाग्रामचे रील्स भारतात हजर. शिरपूरच्या पोरांना नाच बदलावा लागला नाही.

आता भाषा. यादीत 'मराठी' टाका, झालं. धुळ्याकडे घरात अहिराणी, रावेर-यावलला लेवा बोली, सातपुड्याच्या अंगाला भिली आणि पावरी, हे तुमच्या कचेरीत कुणाला सांगू नका. ते समजणारी माणसं नेमली की पगार द्यावा लागतो. व्हॉट्सॲपचे निरोप तर कंपनीलाही वाचता येत नाहीत, म्हणजे तो खर्चही वाचला. फॉरवर्डचं बटण मात्र सगळ्या बोलींत सारखंच चालतं.

फार चाललं तर काय होतं, तेही ऐकून ठेवा. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हा निरोप त्यांच्या आधीच पोचला होता. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. हात आमचेच होते, ते कुठल्या कंपनीच्या माथी मारता येत नाहीत. निरोपाला पाय मात्र कुणी दिले, ते तुम्ही जाणता.

अशा वेळी गोंधळायचं नाही. वर्तमानपत्रात पानभर जाहिरात द्यायची आणि खोटी बातमी कशी ओळखावी हे लोकांना शिकवायचं; व्हॉट्सॲपने दहाच दिवसांत दिली. इतकी वर्षं ॲप वापरायला शिकवलं नव्हतं, आता एकदम दहा सूचना! त्याच महिन्यात भारतापुरती फॉरवर्डची मर्यादा पाचवर आणल्याचं जाहीर झालं. पाच माणसं, पाच फॉरवर्ड. निव्वळ योगायोग.

शेवटी सरकार हटून बसलं तर भारतासाठी एक तक्रार अधिकारी नेमा. फक्त त्यांना भारतात बसवू नका, उन्हाळ्यात आमच्याकडे पंचेचाळीसच्या वर पारा जातो. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये नेमलेल्या बाई कॅलिफोर्नियात बसत. टपालानेही तक्रार पाठवायची सोय होती. साक्रीच्या पोस्टात फक्त तिकीट किती लावायचं, तेवढं विचारून घ्या.