गाडी पाच मिनिटं आधी सोडा

अभिनंदन! ग्रामीण भागातल्या सार्वजनिक वाहतुकीचा समन्वय साधण्यासाठी सरकारने अनुदान मंजूर केलंय आणि ते खर्च करण्याची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. आता धोका एकच: चुकून समन्वय होऊन बसण्याचा. दोन गाड्या एकाच थांब्यावर वेळेत भेटायला लागल्या की लोकांना त्याची सवय लागते. मग अर्थ खातं विचारतं, आता समन्वयाला वेगळं अनुदान कशाला? तेव्हा जरा जपून.

सुरुवात समितीपासून करा. आरोग्य, शिक्षण, समाजकल्याण, रोजगार अशा प्रत्येक खात्याकडे माणसांची ने-आण करायला थोडेथोडे पैसे असतातच, फक्त त्यांना कोणी वाहतुकीचे पैसे म्हणत नाही. रुग्णाला दवाखान्यात नेणं हा उपचार, मुलाला शाळेत नेणं हे शिक्षण. त्यामुळे एकाच रस्त्यावरून सकाळी तीन अर्ध्या रिकाम्या गाड्या एकामागून एक जातात आणि तिन्ही खात्यांचे हिशेब चोख असतात. हे असंच राहू द्यायचं तर तिन्ही खात्यांना समितीत घ्या, पण ज्यांना पैसे वळवायचा अधिकार आहे त्यांना नको. त्यांचे प्रतिनिधी पुरेत.

आदर्श हवा असेल तर अमेरिकेकडे बघा. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2003 साली मोजले तेव्हा प्रवासासाठी पैसे देऊ शकणारे केंद्रीय कार्यक्रम 62 निघाले. ही विस्कळीत अवस्था दूर करावी म्हणून फेब्रुवारी 2004 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आदेश काढून आंतरखाते समन्वय परिषद नेमली. 2012 च्या मोजणीत कार्यक्रम 80 भरले. पुढे परिषदेने स्वतःच यादी केली, ती 130 वर गेली. मोजण्याच्या रीती वेगळ्या असतील, पण चढता आलेख तो चढता आलेख. मधल्या काळात, 2014 च्या एका अहवालानुसार, परिषदेच्या वरिष्ठांची 2008 पासून बैठकच झालेली नव्हती. बैठक नाही म्हणजे मतभेद नाहीत, आणि मतभेद नाहीत म्हणजे समन्वय उत्तम.

मात्र खरं काम वेळापत्रकात आहे.

तासाच्या ठोक्याला रेल्वे येत असेल आणि गावाकडची बस दर दोन तासांनी असेल, तर बस ठोक्याच्या पाच मिनिटं आधी सोडा. 10 च्या गाडीने उतरलेल्या माणसाला 9:55 ची बस गेलेली दिसेल आणि पुढची 11:55 ला मिळेल. त्याचं थांबणं 1 तास 55 मिनिटांचं, पण अहवालात तुम्ही 'दोन्ही सेवांच्या वेळांत केवळ 5 मिनिटांचा फरक' असं लिहू शकता. त्यात खोटं काहीच नाही.

स्वित्झर्लंडसारखी चूक मात्र करू नका. तिथे 1982 पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सुटतात. मोठ्या स्थानकात सगळ्या गाड्या ठोक्याच्या जरा आधी येऊन जमतात, माणसं गाडी बदलतात, ठोका पडल्यावर सगळ्या निघतात, आणि बाहेर पिवळी पोस्ट-बस त्यांचीच वाट बघत असते. झ्युरिक–बर्न प्रवास तासाच्या आत बसावा म्हणून त्यांनी नवा लोहमार्ग बांधला, तो डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाला. वेग वाढवायचा तोही पुढची गाडी सापडण्यापुरताच! अशा लोकांना उद्घाटनाला बोलवायला मंत्री तरी कसे मिळतात, कोण जाणे.

समजा, तुमच्या वाट्याला आधीच जुळलेला मार्ग आला. एका बाजूचा प्रवास 50 मिनिटं, दोन्ही टोकांना 10-10 मिनिटं विसावा, पूर्ण फेरी 120 मिनिटांची. दर तासाला एक गाडी सोडायला दोन गाड्या पुरतात, आणि झालेला उशीर त्या 10 मिनिटांत जिरतो. हे मोडायला भांडण लागत नाही, एक वळसा पुरतो. कोणीतरी पुढारी 'आमच्या वस्तीतून न्या' म्हणाला की लगेच हो म्हणा. वळसा 7 मिनिटांचा. आता प्रवास 57 मिनिटं आणि विसावा 3. एक चाकाची खुर्ची चढवली किंवा एक रेल्वे फाटक लागलं की तेही संपले. मग 4 मिनिटांचा आणखी एक वळसा घ्या. प्रवास 61 मिनिटांचा झाला, म्हणजे विसावा शून्य धरूनही फेरी 122 मिनिटांची. आता तासाला गाडी द्यायची तर तिसरी गाडी आणि तिसरा चालक हवा. ते मंजूर होणार नाहीत, म्हणून दोन गाड्यांतच भागवा आणि अंतर 65 मिनिटांचं करा. 8:00, 9:05, 10:10, 11:15. ही वेळ ना कोणाच्या लक्षात राहते, ना तासाच्या रेल्वेशी जुळते. दोन वस्त्यांची सोय केल्याबद्दल सत्कार होईल तो वेगळा.

रेल्वे उशिरा आली तर बसने किती थांबायचं, हे कधीही लेखी ठरवू नका. जाणकार सांगतील की दुपारच्या बसने फार थांबू नये, कारण आत बसलेल्यांची पुढची गाडी चुकते. शेवटच्या बसने मात्र थांबावं, कारण तिच्यामागे काहीच नाही. म्हणून प्रत्येक फेरीपुढे थांबायची मर्यादा लिहावी आणि चालकाला स्थानकाचा फोन द्यावा. हा कागद एका पानाचा असतो आणि त्याला खर्च नाही. त्यामुळेच तो तुमच्या आराखड्यात शोभणार नाही. आराखडा किमान 140 पानांचा हवा, म्हणजे पुढच्या वेळी फक्त मुखपृष्ठावरचं वर्ष बदलता येतं.

खर्चवाटपाचं सूत्र किलोमीटरवर ठेवा. डायलिसिसच्या रुग्णाला 20 किलोमीटरवर सोडून गाडी चार तास उभी राहिली, तर मीटर 20 च दाखवतं. पण चालकाचा पगार तासांवर चालतो, आणि वाहतुकीत सगळ्यात मोठा खर्च बहुधा तोच असतो. प्रामाणिक सूत्रात तास, किलोमीटर आणि कार्यालयाचा स्थिर खर्च असे तीन हिस्से येतात. ते लावलं तर आरोग्य खात्याला खरा आकडा कळेल आणि चार तास उभी राहणारी गाडी मधल्या वेळेत दुसऱ्या फेरीला लावा, असं तेच म्हणू लागेल. किलोमीटरच्या सूत्रात तो तोटा गुपचूप सार्वजनिक बसच्या नावावर चढतो, आणि वर्षअखेरीस 'बस परवडत नाही' म्हणून फेरी बंद करता येते.

समन्वयासाठी माणूस नेमायचा असेल तर अमेरिकन नियम कामाला येईल. तिथे हा खर्च भांडवली खर्चात धरला जातो आणि 80 टक्क्यांपर्यंत केंद्राकडून मिळू शकतो. ग्रामीण बस रोज चालवण्याच्या तुटीला मात्र साधारणपणे 50 टक्केच. म्हणजे जुळवणारा स्वस्त पडतो, जुळवायची बस महाग.

शाळेची गाडी दुपारी रिकामी उभी असते, ती वापरू या, असं कोणी सुचवलंच तर विमा दाखवा. पॉलिसीत 'फक्त विद्यार्थी' हे दोन शब्द असले की पुरे. ते बदलायला एक जोडपत्र लागतं, हे सांगू नका.

बोलावल्यावर येणारी गाडी सुरू करायची झाल्यास नोंदणी आदल्या दिवशी दुपारपर्यंत, एकाच फोनवर, कार्यालयीन वेळेत ठेवा. ताप कधी येणार हे माणसाला आदल्या दिवशी कळायलाच हवं.

वेळापत्रक नकाशाच्या ॲपवर टाकायला जीटीएफएस नावाच्या साध्या मजकूर-फायली असतात. त्या ठेकेदाराकडून एकदा करून घ्या. त्यात सेवेची शेवटची तारीख लिहावी लागते. ती उलटली की गाड्या रस्त्यावर धावत असतात आणि ॲपवर नाहीशा होतात. फाइल नवी करायला अर्धा दिवस लागतो, म्हणून ते काम कोणाच्याच नावावर लावू नका.

राहिलं मूल्यमापन. प्रवाशांचं समाधान मोजावंच लागेल, त्याला घाबरू नका. प्रश्नावली धावत्या बसमध्ये वाटा. 9:55 च्या बसमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ती बस मिळालेली असते, त्यामुळे 'बस वेळेवर मिळते का?' या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतील. फक्त प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन 10 वाजून 2 मिनिटांनी थांब्यावर उभे राहू नका.