ङ कशाला असतो

वर्णमालेतला ङ मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडला तो ऑस्ट्रेलियात, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत. वॅगा वॅगा हे आमचं गाव, सिडनीपासून साडेचारशे किलोमीटर आत, मरमबिजी नदीच्या काठी. हा विराजुरी लोकांचा मुलूख. त्यांच्या भाषेच्या प्राथमिक वर्गाला मी जाते. शिकवणाऱ्या आंटींनी (इथे मूळनिवासी समाजातल्या ज्येष्ठांना सगळेच अंकल-आंटी म्हणतात, आपल्या काका-मावशीसारखं) फळ्यावर शब्द लिहिला, ङुरामबाङ. म्हणजे आपली भूमी, आपला मुलूख. माझ्या शेजारचे निवृत्त ट्रक ड्रायव्हर 'नुरामबँग' म्हणाले. मागच्या बाकावरची नर्स 'एन्गु' म्हणून अडखळली. शब्दाच्या सुरुवातीलाच ङ आला की इंग्रजी जीभ लटकते. मी मनात क ख ग घ म्हटलं, आणि त्यापुढचं जे आम्ही पहिलीत गुळमुळीत उरकायचो ते उच्चारून शब्द सुरू केला. आंटी म्हणाल्या, पुन्हा म्हण बघू. मग त्यांनी मला तो चार वेळा म्हणायला लावला, वर्गासाठी. 'वाङ्मय' सोडून ज्याची कुठे गाठ पडली नव्हती, त्या अक्षरावर मी जरा भाव खाल्ला.

या भाषेचं नावही मोठं गमतीचं आहे. 'विराय' म्हणजे नाही. नकाराला 'विराय' म्हणणारे ते विराजुरी. उत्तरेकडचे शेजारी 'गमिल' म्हणतात, म्हणून ते गमिलराय. आपण असं केलं असतं तर देशावर 'न्हाई'वाले, कोकणात 'नाय'वाले आणि गोव्यात 'ना'वाले अशी राज्यं झाली असती. (इंग्रजीत हे नाव डीजे घालून लिहायचं की डीवाय, यावर बॅथर्स्टकडचे आणि इकडचे यांच्यात मतभेद आहेत. शुद्धलेखनाचे वाद फक्त पुण्यात होतात असं कुणी समजू नये.) आणि विराजुरी शब्द तुमच्याही घरात आहे. ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर 'कुकाबुरा चेंडू स्विंग होत नाही' म्हणून आपण कुरकुरतो, तो कुकाबुरा म्हणजे विराजुरीतला 'गुगुबारा', खदाखदा हसणारा पक्षी.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाऊ. 16 एप्रिल 2025 रोजी महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची तिसरी भाषा करणारा आदेश काढला, जूनमध्ये तो शब्द बदलून पुन्हा काढला आणि ओरड झाल्यावर 29 जूनला दोन्ही मागे घेतले. त्या दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज पानिपत होतं. मला वर्गाचं भारी वेड, हे भावाला ठाऊक. त्याने लिहिलं, 'तुझ्या त्या आदिवासींची भाषा गेली तशीच उद्या मराठी जाणार. तूच सांग यांना.'

हिंदीची सक्ती मलाही नको होती. सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषा लादू नयेत, इतकं साधं ते आहे. पण भावाची तुलना मला पटली नाही, आणि वर्गाला जायला लागल्यापासून तर मुळीच पटत नाही.

विराजुरी 'गेली' नाही, ती घालवली. 1815 साली बॅथर्स्ट वसवलं गेलं, गोऱ्यांची गुरं कुरणांत शिरली. विंड्रडाइन या लढवय्याच्या माणसांनी प्रतिकार केला, तेव्हा गव्हर्नरने 14 ऑगस्ट 1824 रोजी मार्शल लॉ पुकारला. तो उठेपर्यंत, चार महिन्यांत, किती माणसं मारली गेली याची धड मोजदादही कुणी ठेवली नाही. पुढे लोकांना मिशनच्या वस्त्यांत कोंबलं. इथून जवळच्या कूटामंड्रात 1912 पासून मुलींचं एक 'प्रशिक्षणगृह' होतं. आईबापांपासून तोडलेल्या मूळनिवासी मुलींना तिथे मोलकरणीचं काम शिकवत. भाषा ज्यांच्याकडून ज्यांच्याकडे जायची, त्यांच्यामधलाच धागा असा कापला.

अंकल स्टॅन ग्रँट यांची हकिकत इथे पुष्कळांना ठाऊक आहे. ते लहान असताना त्यांच्या आजोबांनी त्यांना चारचौघांत विराजुरीत हाक मारली. पोलिसाने ऐकलं आणि आजोबांना रात्रभर कोठडीत टाकलं. त्यानंतर आजोबा गावात ती भाषा बोलेनासे झाले. नातवाने म्हातारपणी जॉन रडर या भाषातज्ज्ञाच्या सोबतीने विराजुरीचा शब्दकोश केला. 2014 मध्ये इथल्या विद्यापीठाने विराजुरी भाषेचा आणि वारशाचा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यापीठाला नाव मात्र चार्ल्स स्टर्टचं, म्हणजे 1829 मध्ये या नदीने खाली जाऊन गोऱ्यांना वाट दाखवणाऱ्याचं.

सगळं गोड आहे असंही नाही. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर 'यिंदियामारा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आदर, सबुरी, हळूवार वागणं, सगळं त्या एका शब्दात येतं. त्याच्याखाली बसून आमची माणसं एकमेकांच्या ईमेलवर तुटून पडतात. ते सोडा. पण 14 ऑक्टोबर 2023 रोजी मूळनिवासींना संसदेपुढे मत मांडण्यासाठी घटनात्मक मंडळ द्यावं का, असं देशाला विचारलं, तर साठ टक्के लोकांनी 'विराय' म्हटलं. पार्क्स या गावाजवळच्या 64 मीटरच्या रेडिओ दुर्बिणीला 2020 मध्ये 'मुरियांग' हे विराजुरी नाव मिळालं, त्याला फारसं कुणी अडवलं नाही. नाव द्यायला लोकांची ना नसते. अधिकार मागितला की कपाळाला आठ्या पडतात. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठी अभिजात झाली, तेव्हा आम्ही वॅगात पेढे वाटले. ते चुकलं असं मला वाटत नाही, पण मुरियांगची बातमी आठवली खरी.

तर, भावाला मी लिहिलं ते असं. आपण सव्वाआठ कोटींच्या वर आहोत, 2011 च्या जनगणनेप्रमाणे. आपलं सरकार आहे, शाळा आहेत, विद्यापीठं आहेत. आपल्या घरातले विराजुरी दुसरेच आहेत. बुलढाण्यात जळगाव जामोदकडे निहाली आहे, कुठल्याच भाषाकुळात न बसणारी. कोलामी आहे, कातकरी आहे. त्यांच्या लेखी हिंदीच्या जागी आपण आहोत. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तिला 'अनधिकृत' म्हणणारी नोटीस मराठीतूनच गेली असणार. त्या शाळेसाठी शिवाजी पार्कवर कुणी मोर्चा काढला नाही. मीही दोन ओळी लिहिल्या नव्हत्या.

भावाचं उत्तर आलं, 'तिकडे बसून शहाणपण शिकवू नकोस.' हा टोमणा अगदीच खोटा नाही. माझा मुलगा शाळेतून येऊन 'यिराधू मारांग' असा छान नमस्कार घालतो आणि मी मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देतो. त्याला ङ म्हणता येतो. ळ नाही.

आमचं गाव रायगडात, सुधागडकडे. सातवीपर्यंत माझ्या वर्गात तीन कातकरी मुलं होती. गुरुजी त्यांना 'नीट बोल रे' म्हणायचे. त्यांचं काय अनीट होतं ते मी कधी विचारलं नाही, आणि सात वर्षांत त्यांच्या भाषेतला एक शब्दही मला आला नाही. परवा बाबांना फोन केला. पावसाळ्याच्या तोंडाला कातकरवाडीवरची एक बाई आमच्या ओटीवर शेवळं घेऊन येते, वीस वर्षं तरी येत असेल. म्हटलं, बाबा, आता आली की तिला विचाराल का, तुमच्या भाषेत 'नाही'ला काय म्हणतात?

बाबा जरा थांबले. मग म्हणाले, "अगं, ती मराठीच बोलते की आपल्याशी."