टॉवेल वाळलाच नाही

आम्ही सोलापूरचे, त्यामुळं पाणी ही आमच्याकडं बघायची नाही, भरायची गोष्ट आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते पण कधी कधी रात्री अडीचला, आणि आलं की घरातली लहान-मोठी सगळी मंडळी पिंप, घागरी, कुकर, वेळ पडली तर पोराची वॉटरबॅग घेऊन रांगेत. अशा माणसानं केरळचं बॅकवॉटर बघायला जायचं म्हणजे उपाश्यानं मिठाईच्या दुकानात फिरायला जाण्यासारखंच. मामा तर फोनवरच म्हणला, "कुठं जाऊलालास बे? बॅकवॉटर? मग उजनीचं काय पळून गेलंय का? थंडीत फ्लेमिंगो पण येतेत की तिथं."

मामाचं ऐकलं नाही. आता जाऊन आलोय तर चार शब्द सांगतो, तुम्ही तरी नीट जा.

पहिली चूक तारखेची. पोराला दिवाळीची सुट्टी, मला दिवाळीची सुट्टी, अख्ख्या महाराष्ट्राला दिवाळीचीच सुट्टी, म्हणून दिवाळीत निघालो. आपला पाऊस दसऱ्याच्या आसपास गाशा गुंडाळतो म्हणून आपल्याला वाटतं सगळ्या देशाचा गुंडाळला. तिथं जून ते सप्टेंबर एक पाऊस होतो आणि तो पुरला नाही म्हणून की काय ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडचा दुसरा येतो. सकाळी लख्ख ऊन, फोटो काढा, आणि दुपारी साडेतीनला असा कडकडाट की आई थेट देवाचं नाव घ्यायला लागली. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जावा.

गाडीचं पण सांगून ठेवतो. पुणे-कन्याकुमारी आपल्या सोलापूरवरून जाते, सोय चांगली आहे, पण ती कोट्टायमच्या बाजूनं खाली जाते, आणि हाऊसबोटी जिथून सुटतात ते अलप्पुळा दुसऱ्या लाईनवर. आम्ही एर्नाकुलमला उतरून बस धरली.

हाऊसबोट मात्र दिसायला झकास, खोटं कशाला बोलू. पूर्वी ह्या होड्या भाताची पोती वाहायच्या, केट्टुवळ्ळम म्हणतात, म्हणजे बांधलेली होडी. जुन्या होड्यांच्या फळ्या खिळे न ठोकता काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या असायच्या. हे मी कौतुकानं आईला सांगितलं आणि तिथंच चुकलो. "खिळाच नाही?" म्हणली आणि पुढचे दोन तास तिनं जागा सोडली नाही. वर ती वेंबनाड सरोवरात, जे भारतातलं सगळ्यात लांब सरोवर, जवळपास 96 किलोमीटर. मला हिशोब लागला तो असा की सोलापुरातून निघून टेंभुर्णी गाठावी तरी पाणी संपणार नाही. पाण्याच्या कडेला बांध आणि बांधाच्या पलीकडं भातशेती, ती पाण्यापेक्षा खाली, समुद्रसपाटीच्याही खाली! कुट्टनाड म्हणतात त्या भागाला. आमच्याकडं शेतात पाणी यावं म्हणून बोअर मारत मारत माणूस खाली जातो आणि हे लोक शेतातलं पाणी पंपानं उपसून बाहेर टाकतात. आई बराच वेळ त्या पंपाकडं बघत होती. काही बोलली नाही, पण तिला ते पटलं नाही एवढं कळलं.

आता बुकिंग करताना कोण सांगत नाही ते. दिवसभराची बोट म्हणतात पण दुपारी बाराला चढवतात, दुसऱ्या दिवशी नऊला उतरवतात. त्यात संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बोट काठाला बांधून टाकतात, कारण रात्री मच्छीमार जाळी लावतात. मी भांडायच्या तयारीत होतो, पण हे कारण ऐकल्यावर गप बसलो. एसी बहुतेक बोटींवर फक्त रात्रीच, आमच्या बोटीवर नऊनंतर, म्हणजे दुपारी घाम आणि रात्री सोलापुरी चादर. आणि मोठी बोट बारक्या कालव्यात शिरत नाही, खरी मजा तर तिथंच, त्यासाठी सकाळी छोटी शिकारा वेगळी घ्यावी लागते. खिसा हलका असेल तर सरकारी बोट बघा, तिथल्या लोकांची ती एसटीच आहे, तिकीट इतकं कमी की मी कंडक्टरला दोनदा विचारलं.

आईला वाटतं वाडी जंक्शनच्या पुढं गेलं की सगळ्यांना कन्नड येतं. तिनं बोटवाल्याला ठसक्यात विचारलं, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. तो गोड हसला आणि तासाभरानं केळीच्या पानावर तळलेला करीमीन मासा घेऊन आला, त्यात आम्ही सगळे शाकाहारी. बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, ते लोक व्हेज पण छान करतात. प्यायला गरम गुलाबी पाणी आलं. पथिमुखम नावाच्या लाकडाचे तुकडे टाकून उकळतात म्हणे. आई ग्लास उजेडात धरून म्हणली, "गढूळ आलंय, पहिलं पाणी आहे, दहा मिनिटं सोडून द्या." आणि एवढ्या पाण्यात राहून प्यायचं पाणी मात्र विकतचं, तेव्हा वीस लिटरचा कॅन आधीच चढवून ठेवा. आमच्यात बाटल्या मोजायचं काम आईकडंच होतं.

पण खरा घोटाळा झाला टॉवेलचा. सोलापूरचा टॉवेल, जगात नाव आहे, जाताना अभिमानानं चार घेतले. आमच्याकडं मे महिन्यात टॉवेल दोरीवर टाकावा, आत येऊन चहा प्यावा, बाहेर जाईपर्यंत टॉवेल पापड. तिथं पहिल्या दिवशी आंघोळ करून वाळत टाकला तो दुसऱ्या दिवशी जास्त ओला झाला. बायको म्हणली पंख्याखाली धरा, धरला. इस्त्री फिरवली. शेवटी मी पिळला तर पाणी निघालं, आणि पाऊस तर रात्री पडलाच नव्हता. जाडजूड टॉवेल नेऊच नका, पातळ पंचा न्या.

त्यात कडक भाकरी. दोन-दोन महिने टिकते म्हणून डबाभर नेली होती, शेंगाचटणीसोबत. एका रात्रीत सादळून अशी वातड झाली की घडी घालता येत होती. आईनं तिची खरंच घडी घातली आणि मला दाखवली. बोलली काही नाही. शेंगाचटणी तेवढी शेवटपर्यंत इमानदार राहिली, अप्पमला लावून खाल्ली, एकदम जमतंय.

घरी आल्यावर बॅग उघडली तर चारही टॉवेल ओलेच, वर कुबट वास. आई म्हणली, "चार बादल्या जातील ह्याला. पाणी परवा येणाराय." टॉवेल परत बॅगेत.