विहिरीत 'अर्धा किलो ब्लीचिंग' ही लष्करी पद्धत नव्हे

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे भागांत सध्या एक संदेश फिरतोय: पावसात बांयीत (विहिरीत) अर्धा किलो ब्लीचिंग पावडर टाका, लगेच प्या, लष्करही हेच करते. हे चूक आहे आणि धोक्याचेही.

लष्करी स्वच्छताशास्त्रातले तज्ज्ञ डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांची चाचणी याच्या नेमकी उलट आहे: आधी पाणी तपासायचे, मग मात्रा ठरवायची. हेच हॉरॉक्स 1905 मध्ये माल्टा तापाचे (जनावरांपासून माणसाला होणाऱ्या जिवाणूजन्य तापाचे) मूळ शोधत शेळीच्या दुधापर्यंत पोचले होते.

चाचणीच्या संचातल्या काळ्या कपात 2 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी भरतात. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचे पाणी घेऊन हे द्रावण पहिल्यात 1 थेंब, दुसऱ्यात 2 असे सहापर्यंत चढत घालतात. अर्ध्या तासाने स्टार्च-आयोडाइडचे (क्लोरीन उरले असेल तर निळा रंग देणारे द्रावण) 3-3 थेंब. स्पष्ट निळा झालेला पहिला कप तिसरा असेल, तर 455 लिटरला 6 ग्रॅम. म्हणजे 2 मीटर व्यासाच्या, 3 मीटर पाणी असलेल्या विहिरीला (सुमारे 9,420 लिटर) 124 ग्रॅम पुरते.

गढूळ पाण्यातला सेंद्रिय गाळ क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून दरवेळी मात्रा बदलते. पुडी उघडी राहिली की पावडरीचा जोरही उतरतो. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त घोळू नका. पावडरीतला चुना तळाशी बसू द्या, वरची निवळीच विहिरीत सोडा. तो चुना आत गेला तर पाणी जड होते.

निदान तासभर पाणी काढू नये. रात्री टाकलेले उत्तम.