फाईल उडवली, जागा झाली

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आमचं टेस्टिंगचं सॉफ्टवेअर चालतं. चालतं म्हणजे रात्रपाळीत मधूनच पडतं. दिवसा मी समोर बसलो की कसं गुणी बाळ! शेवटी लिनक्सचं यूलिमिट, म्हणजे प्रोग्रामवर मर्यादा घालणारी सेटिंग, मोकळं केलं. कोअर फाईलच्या आकाराची ही मर्यादा बऱ्याच मशीनवर मुळात शून्यच असते, म्हणजे प्रोग्राम मेला तरी मागे काही ठेवत नाही. आता पडला की त्या क्षणाची मेमरी या फाईलमध्ये उतरणार, ती जीडीबीत, म्हणजे चुका शोधायच्या टूलमध्ये, उघडली की कुठल्या फंक्शनमध्ये, कुठल्या ओळीवर घसरला ते दिसणार.

परवा रात्री पडला. सकाळी पाथर्डी फाट्याचं ट्रॅफिक सोसून पोचलो, तर फोल्डर लख्ख!

"ती साडेतीन जीबीची ना? उडवली," सुपरवायझर भाऊसाहेब म्हणाले. "डिस्क फुल दाखवत होतं. आणि उघडेचना. व्हीएलसीत पण लावून पाहिली."

"व्हीएलसीत?"

"एवढी मोठी म्हणजे पिक्चरच असणार ना, सर!"

डिस्क कशानं भरली होती? त्यांच्या पुतण्याच्या हळदीच्या व्हिडिओनं. तो शाबूत होता.

"अहो, मरताना प्रोग्रामच्या डोक्यात काय चाललं होतं, ते सगळं त्यात होतं."

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "सर, आपण नाशिकची माणसं. लोक कुठून कुठून अस्थी घेऊन रामकुंडावर येतात, ते सोडायलाच ना? घरी नेऊन तपासत बसतं का कोणी?"

मागचा ऑपरेटर खो-खो हसला. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाहीये, खरा राग त्याचाच आहे.

"ट्रॅशमध्ये तरी असेल?"

"ते मी रोज रिकामं करतो!" हे मात्र अभिमानानं.

1960च्या दशकात संगणकांची मेमरी बारीक चुंबकी कड्यांची असायची, कोअर हे नाव तिथलंच. वीज गेली तरी त्यातला मजकूर टिकायचा. तेव्हा भाऊसाहेब नव्हते, हेही कारण असेल.

वर मॅनेजरसाहेब हजर. "कारण सापडलं?"

"पुरावाच पुसलाय, साहेब."

"म्हणजे नाही सापडलं." त्यांनी रजिस्टरात लिहिलं: इंजिनिअर येऊन गेले, दोष आढळला नाही. खाली माझी सही मागितली. पेनसुद्धा माझंच, आणि ते त्यांच्या खिशात गेलं.