बारावी नळी

"काम तर झालंय मॅडम, आता नुसता रिसर्च पेपर उतरवून काढायचा," असं मी गाईडना म्हणालो होतो. त्या हसल्या. का हसल्या, ते मला चार महिन्यांनी कळलं.

शीर्षक मी प्रयोगाला हात लावायच्या आधीच जमवून ठेवलं होतं. इतकं झकास, की पुन्हा वाचायचीही गरज वाटली नाही. मग इंट्रोडक्शन घेतलं. पहिलंच वाक्य होतं, 'मानव अनादी काळापासून...' मॅडमनी तिथेच लाल रेघ ओढली. "अनादी काळाला संदर्भ कुठला देणार आहेस?"

त्यांचं म्हणणं, पेपर वाचतात त्या क्रमाने लिहायचाच नसतो. आधी आकृत्या आणि तक्ते मांडायचे, ते बघत रिझल्ट्स लिहायचे. डिस्कशन आणि इंट्रोडक्शन त्यानंतर. अ‍ॅबस्ट्रॅक्ट (म्हणजे सारांश) आणि शीर्षक अगदी शेवटी. "आणि मेथड्स? ते तर सगळ्यात सोपं. जे केलंस तेवढंच लिही."

ज्याच्या हातून कधी काही सांडलं नाही त्याला ते सोपं! माझे नमुने होते बारा. बारावी नळी सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, काढताना निसटली आणि तिच्यातलं विज्ञान फरशीवर पसरलं. मी पुसून घेतलं आणि मेथड्समध्ये लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव एक नमुना विश्लेषणातून वगळण्यात आला.' कर्मणी प्रयोगाची ही मोठी सोय. वाक्यात कर्ताच नाही, तर पकडणार कोणाला?

कर्त्यावरून आठवलं. हेदरिंग्टन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने लिहिलेल्या पेपरात सगळीकडे 'आम्ही' लिहून ठेवलं होतं. एकटा लेखक आणि 'आम्ही', हे जर्नल चालवून घेणार नाही, असं सहकाऱ्याने सांगितलं. काळ टाइपरायटरचा, पुन्हा सगळं टाइप कोण करणार? त्याने आपल्या मांजराला एफ. डी. सी. विलर्ड असं भारदस्त नाव देऊन सहलेखक केलं आणि 1975 मध्ये पेपर छापूनही आला. माझ्याकडे मांजर असतं तर नळीचाही प्रश्न सुटला असता.

रिझल्ट्समध्ये मी 'आश्चर्यकारक', 'लक्षवेधी' अशी विशेषणं पेरली होती. मॅडमनी ती तणासारखी उपटली. जे दिसलं ते इथे, त्याचा अर्थ डिस्कशनमध्ये. पी-व्हॅल्यू म्हणजे खरा परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता; ती 0.05 च्या आत असली तरच निकालाला 'सिग्निफिकंट' म्हणायची पद्धत. माझी एक पी-व्हॅल्यू त्या उंबरठ्याबाहेर 0.06 वर ताटकळत उभी होती. मी लिहिलं, 'जवळजवळ सिग्निफिकंट'. "जवळजवळ पास झालास तर पेढे वाटतोस का? आकडा लिही, कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी किंमत कुठून कुठवर असू शकते ते लिही आणि गप्प बस." अ‍ॅबस्ट्रॅक्ट 412 शब्दांचा झाला होता, मर्यादा 250. तो कापताना जी वाक्यं गेली, ती माझी सर्वांत लाडकी होती.

पेपर जर्नलला पाठवला. तीन महिन्यांनी तो तपासणाऱ्या तज्ज्ञांचे रिव्ह्यू आले. पहिला रिव्ह्यूअर दोन ओळींत खूश. दुसऱ्याचे मुद्दे चौदा, आणि पहिलाच मुद्दा: 'तांत्रिक कारण म्हणजे नेमकं काय? निकालाला अडचणीचा ठरला म्हणून तर हा नमुना गाळला नाही ना?'

चोरी केली नव्हती, तरी कान गरम झाले. खरंच, वाचणाऱ्याने काय समजायचं? शेवटी कर्मणी प्रयोगाची पांघरुणं काढली आणि लिहिलं, 'बारावी नळी आमच्या हातून सांडली, त्यामुळे त्या नमुन्याचं मापन झालं नाही. विश्लेषण अकरा नमुन्यांचं आहे.' 'आमच्या' तेवढं ठेवलं.

महिन्याभराने उत्तर आलं. 'खुलासा समाधानकारक. मात्र शीर्षकात अजून बारा नमुने आहेत.'