खुलासा : २०१८ आधी मोफत उपचार नव्हते?

धुळे-जळगावकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय : ‘आयुष्मान भारत येण्याआधी, म्हणजे २०१८ पूर्वी, गरिबाला मोफत ऑपरेशनची योजनाच नव्हती.’ साफ चूक. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत आपला धुळे जिल्हा होता! जळगाव-नंदुरबारला ती २०१३ मध्ये पोचली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं.

या मेसेजला विरोध करणाऱ्यांचं ‘जुन्याच योजनेची नुसती नावं बदलली’ हे म्हणणंही अर्धवटच. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं, आता पाच लाखांचं. शिवाय आयुष्मानमध्ये सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही. मात्र हे पाच लाख माणशी नव्हेत, कुटुंबाला मिळून. आणि रोख कुणाच्याच हातात पडत नाहीत, पैसे थेट रुग्णालयाला जातात.